फुटपाथ म्हणजे नालीचं झाकण

माझी भाची जुलैमध्ये सायकलवरून पडली. सकाळचे पावणेसहा, रात्री पाऊस पडून गेलेला, क्लासची गडबड, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी आडवी नाली आहे ना तिच्यावरच्या लोखंडी जाळीत तिचं पुढचं चाक अडकलं. चाक जागच्या जागी थांबलं आणि पोरगी हँडलवरून पुढं फेकली गेली. हनुवटीला तीन टाके, चष्मा फुटला, फिजिक्सच्या नोट्स सगळ्या चिखलात. दवाखान्यात टाके घालताना रडली नाही पण नोट्स बघून रडली.

घरी आल्यावर म्हणाली, "मामा, ही सायकल गावाकडं पाठवून द्या. मी ऑटोनं जाईन."

पोरगी नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यातली. आठवीत असताना मानव विकासमधून सायकल मिळालेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, राज्यात १२५ मागास तालुके काढलेत आणि तिथल्या आठवी ते बारावीच्या गरजू पोरींना शाळेत जायला सायकलसाठी पैसे मिळतात. त्या सायकलवर ती दोन वर्षं रोज पाच किलोमीटर कच्च्या रस्त्यानं शाळेत गेली, म्हशी आडव्या आल्या, कुत्री मागं लागली, पण कधी पडली नाही. तीच पोरगी, तीच सायकल, लातूरला आली आणि अकरावीच्या दुसऱ्याच महिन्यात पडली. तेही सिमेंटच्या रस्त्यावर.

आता ही पोस्ट मी का लिहायलोय ते सांगतो. मी डिप्लोमा सिव्हिल. एकोणीस वर्षं झाली गुत्तेदारीत आहे, मोठा गुत्तेदार नाही, मोठ्याच्या हाताखालचा छोटा. नाल्या, फुटपाथ, गट्टू म्हणजे पेव्हर ब्लॉक, कंपाउंड वॉल, अशी कामं. ती जाळी मी बसवलेली नव्हती. पण तशाच जाळ्या मी बसवल्यात, किती बसवल्या ते मोजलं नाही आणि आता मोजायची इच्छा पण नाही.

त्या जाळीचं गणित सोपं आहे. रस्त्याच्या कडेनं जाणारी नाली असली की जाळीच्या सळया नालीच्या रुंदीवर आडव्या टेकतात, म्हणजे चाकाला पण त्या आडव्याच पडतात, काही होत नाही. पण नाली जेव्हा रस्ता ओलांडून जाते, गल्लीच्या तोंडाशी बहुतेक वेळा तशीच जाते, तेव्हा त्याच सळया चाकाच्या दिशेनं उभ्या येतात. वरून ट्रॅक्टर जायचा असतो, वाळूचा टिप्पर जायचा असतो, त्यामुळं सळई नालीच्या रुंदीइतक्या कमी अंतरावरच टेकवावी लागते, ते काही चूक नाही. दोन सळयांत दीड-दोन इंचाची फट ठेवतात कारण कमी ठेवली तर कचरा अडकून नाली तुंबते. मोटारसायकलचं टायर त्यात जात नाही. कारचं जायचा प्रश्नच नाही. सायकलचं टायर मात्र अगदी माप घेऊन केल्यासारखं आत बसतं.

उपाय काय, तर जाळीवर दर चार-पाच इंचाला एक लोखंडी पट्टी आडवी वेल्ड करायची. बस्स. एवढंच. हे मला माहीत नव्हतं असं नाही हो. एस्टिमेटमध्ये तो आयटम नव्हता, ड्रॉइंगमध्ये नव्हता, बिल करताना एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, चढवायला जागा नव्हती, आणि एकोणीस वर्षांत एकाही साहेबानं मला विचारलं नाही की यावरून सायकल कशी जाणार. मी पण स्वतःला विचारलं नाही. कारण मी मोटारसायकलवर असतो.

टाके निघाल्यावर एका रविवारी मी भाचीला म्हणलं चल, टेप घे. ती म्हणाली कशाला. म्हणलं चल तर. आणि आम्ही मामा-भाची घरापासून तिच्या क्लासपर्यंत पायी गेलो, दीड किलोमीटरच्या आतबाहेर, फुटपाथ मोजत मोजत. रस्त्याचं नाव सांगत नाही, लातूरकरांना कळेल आणि बाकीच्यांना आपल्या गावातला असाच एक आठवेल. लोकं बघायले होते, एका पानटपरीवाल्यानं तर घाबरून विचारलं, "साहेब, अतिक्रमणवाले का?" भाचीला हसू आवरेना.

इंडियन रोड काँग्रेसचं एक पुस्तक आहे, आयआरसी १०३, पायी चालणाऱ्यांच्या सोयीसाठीच काढलेलं. त्यात लिहिलंय की फुटपाथ रस्त्यापासून १५० मिलीमीटरपेक्षा उंच नको. म्हणजे सहा इंच. घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंचाची असते, आणि ती पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला नको होते. आम्ही जे मोजलं त्यात सगळ्यात कमी अकरा इंच भरलं आणि सगळ्यात जास्त दीड फूट. दीड फुटावर चढायचं म्हणजे नऊवारीतल्या म्हातारीनं हात टेकून चढायचं का मांडी घालून?

आणि हे चढणं एकदाच असतं तर ठीक. प्रत्येक घराच्या, प्रत्येक दुकानाच्या गेटपाशी फुटपाथ तुटतो, गाडी आत जायला उतार केलेला असतो, तिथं उतरायचं, आठ पावलं चालायचं, परत चढायचं. भाची मोजत होती, तीसच्या पुढं तिनं मोजणं सोडलं. त्याच पुस्तकात सरळ लिहिलंय की गेटपाशी फुटपाथ तसाच एका लेव्हलला पुढं जाऊ द्या, गाडीनं चढून उतरावं, माणसानं नाही. गाडीला इंजिन आहे, गुडघे नाहीत. पण आपल्याकडं उलटं, कारला झटका लागू नये म्हणून माणसाला तीस पायऱ्या.

रुंदीचं म्हणाल तर कमीत कमी १.८ मीटर मोकळी पाहिजे, बाजारपेठेत अजून जास्त. कागदावर आमच्या त्या फुटपाथची रुंदी दीड मीटर आहे. पण लाईटचा पोल मधोमध. पोल आणि कंपाउंडच्या मध्ये किती जागा राहते ते मोजलं, बावीस इंच. दप्तर पाठीवर असलं की तिरकं होऊन निघावं लागतं. पुढं विजेचा डीपी, त्याच्या भोवती काटेरी कुंपण, ते वळसा घालून रस्त्यावर उतरायचं. पुढं मोबाईलच्या दुकानाचा बोर्ड. पुढं दोन गट्टू खचलेले, खाली नाली दिसती. मग एका ठिकाणी शंभर पावलं एकदम मस्त, रुंद, सपाट, आणि त्या शंभर पावलांत अकरा मोटारसायकली लावलेल्या.

आता हे असं का होतं हे आतल्या माणसाकडून ऐका. लोकांना वाटतं फुटपाथ म्हणून काहीतरी एक वस्तू असते आणि ती कुणीतरी वाईट बांधतं. तसं नाही. फुटपाथ म्हणून काही बांधलंच जात नाही. रस्ता बांधला जातो आणि नाली बांधली जाते. एस्टिमेट सुरू होतं मधल्या डांबरापासून, गाडीला किती जागा, दुभाजकाला किती, मग उरलेल्यात नाली. नाली आरसीसीची, तिच्या भिंतीची उंची पाण्याच्या उतारावर ठरते, कारण पाणी कुठंतरी ओढ्याला नेऊन सोडायचं असतं. एका टोकाला नाली रस्त्याबरोबर असते आणि दुसऱ्या टोकाला तीच हातभर वर आलेली असते. मग उघडी नाली कशी ठेवायची म्हणून तिच्यावर स्लॅब. मग स्लॅब दिसायला बरा दिसत नाही म्हणून त्यावर रंगीत गट्टू. आणि उद्घाटनाच्या बॅनरवर 'सुसज्ज पदपथ'. तो पदपथ नाही ओ, ते नालीचं झाकण आहे. झाकणाला पायरीची उंची किती पाहिजे हे कोण कशाला बघेल?

त्यात दर काही वर्षांनी एक गंमत होते. डांबरी रस्ता असला की त्यावर थर चढत जातो आणि उंच फुटपाथ आपोआप बुटका होतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण मग रस्त्याचं पाणी लोकांच्या घरात शिरायला लागतं आणि घरवाले दारात ओटा वाढवतात, तो ओटा फुटपाथवर येतो. असं हे एकमेकांवर चढत चाललंय.

कुणी म्हणेल की चालतंय कोण आजकाल. हे मला एका ऑफिसात ऐकवलं होतं, एसीत बसून. लातूरमध्ये हे वाक्य बोलायला खरंच धाडस लागतं. अहो सकाळी साडेपाच ते सात तुम्ही क्लासेसच्या भागात उभं राहून बघा ना. लातूर पॅटर्नचं नाव सगळ्या महाराष्ट्रात झालं, नांदेड, बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव, पार सोलापूर-यवतमाळची लेकरं इथं येऊन रूम करून राहतात, त्यांच्याकडं कुठली आली गाडी. पाठीवर दप्तर, हातात मेसचा डबा, तीन-तीन चार-चारच्या घोळक्यानं रस्त्याच्या मधूनच चालायलेत, आणि मागून बसवाला हॉर्नवर हात ठेवूनच येतो. आमच्या शहराचा धंदा ह्या लेकरांवर चालतो, मेसवाले, रूमवाले, झेरॉक्सवाले, पुस्तकवाले, आणि आमचं शहर त्यांना चालायला चार फूट जागा देत नाही.

आणि देशाचा आकडा पाहिजे असेल तर २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच विचारलं होतं की कामावर कसं जाता. शेतीतली माणसं सोडून बाकीच्यांना. साडेचार कोटीच्या वर लोकांनी सांगितलं पायी, आणि अडीच कोटीच्या वर लोकांनी सायकलनं. चारचाकीनं जाणारे त्यांच्यापुढं काहीच नव्हते. आता आकडे बदलले असतील, मान्य, गल्लीत घरटी एक स्कूटी आली. पण एस्टिमेट तेव्हा पण चारचाकीपासूनच सुरू व्हायचं.

दुसरा आकडा वाईट आहे. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, हे केंद्र सरकारच्या स्वतःच्या अहवालातलं आहे, आणि त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद पडतात. गाडीला गाडी धडकून नाही, चालताना, रस्ता ओलांडताना, दूध आणायला जाताना.

मी हे भाचीला सांगितलं तर ती फिजिक्सच्या मूडमध्ये होती. म्हणाली मामा, वेग दुप्पट झाला की एनर्जी चौपट होते, तीसनं धडकलेली गाडी आणि साठनं धडकलेली गाडी म्हणजे दुप्पट नाही, चारपट मार. "हे नववीचं आहे मामा." घ्या. नववीचं आहे. म्हणजे शहरातला रस्ता जितका सरळ, रुंद आणि गुळगुळीत करत जाल तितका तो चालणाऱ्याच्या जिवावर उठतो. आम्ही गुत्तेदार लोकं साडेतीन मीटरची लेन टाकतो कारण पुस्तकात तसं आहे, पण ते माप हायवेच्या डोक्यातून आलेलं. शहरात तीन मीटरची लेन ठेवली तर ड्रायव्हर आपोआप हळू चालवतो आणि चार लेनच्या रस्त्यात दोन मीटर जागा फुकट मिळते. दोन मीटरमध्ये एका बाजूचा सायकल ट्रॅक होतो. जमीन घ्यायला नको, कुणाची भिंत पाडायला नको.

स्पीड ब्रेकरचं तर विचारूच नका. आयआरसीचं माप आहे, ३.७ मीटर लांब आणि मध्ये १० सेंटीमीटर उंच, म्हणजे लांबुळका, म्हशीच्या पाठीसारखा, ताशी पंचवीसनं गाडी आरामात जावी असा. आपल्याकडं गल्लीतली चार पोरं रात्रीतून उरलेला माल ओतून जे करतात तो ब्रेकर नसतो, वरवंटा असतो. कारवाला त्यावरून हळू जातो, बुलेटवाला कडेच्या फटीतून वळवून नेतो, सायकलवाल्याला मात्र बरोबर मणक्यात बसतो.

माझी आई सत्तरची. तिला घेऊन एकदा एक मोठा रस्ता ओलांडायचा होता, दोन्ही बाजू आणि दुभाजक धरून चोवीस मीटर. सिग्नलच्या हिशोबात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. म्हणजे वीस सेकंद पाहिजेत. आईचा वेग मी मोजला, घरच्या व्हरांड्यात, तिला न सांगता, तो भरला ०.७. म्हणजे पस्तीस सेकंद. सिग्नलवर पायी माणसासाठी वेगळा टाईमच नव्हता, त्यामुळं वीस काय नि पस्तीस काय. आम्ही दुभाजकापर्यंत पोचलो आणि तिथं दीड फूट रुंदीच्या दुभाजकावर, शोभेच्या झाडांत, दोघं उभे राहिलो. आई म्हणाली, "गावाकडं नदी ओलांडताना इतकं भ्या वाटत नव्हतं." मी काय बोलणार, दुभाजकाची कामं पण केलीत मी.

आता थोडं विषयाच्या बाहेर जातो. लातूरची गंजगोलाई सगळ्यांना माहीत आहे. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल दोनमजली इमारत, १९१७ सालची, आणि तिथून सोळा रस्ते फुटतात. फैयाजुद्दीन नावाच्या माणसानं तो नकाशा केला. सोनं एका रस्त्याला, चपला दुसऱ्या रस्त्याला, मिरची-गूळ तिसऱ्याला. हा नकाशा कुणासाठी होता? पायी माणसासाठी आणि बैलगाडीसाठी. मधे उभं राहिलं की कुठल्याही रस्त्याला पन्नास पावलांत पोचता येतं. शंभर वर्षांपूर्वी निजामाच्या राज्यात आमच्या गावाला चालणाऱ्याचा विचार करणारा माणूस मिळाला आणि आज आम्ही तिथं गाडी लावायला जागा नाही म्हणून रडायलोत. मला तर वाटतं सणासुदीला तरी गोलाईत गाड्या बंद करून बघाव्यात, दिवाळीच्या आठवड्यात. व्यापारी पहिल्यांदा ओरडतील. ओरडू द्यावं आणि आठव्या दिवशी गल्ला मोजायला सांगावं.

दुसरी गोष्ट जुन्या रेल्वेची. बार्शी लाईट रेल्वे, अडीच फुटाची नॅरोगेज, १९११ ला लातूरला आली. शहराच्या मधून जायची. पुढं ब्रॉडगेज आली, स्टेशन बाहेर गेलं, रूळ निघाले. पत्त्यात लोक अजून 'जुनी रेल्वे लाईन' असंच लिहितात. आता हे सिव्हिलवाल्याच्या नजरेनं बघा. रेल्वेला चढ सोसत नाही, म्हणून रेल्वेची वाट जिथून जाते तिथं चढ जवळपास नसतोच. सायकलला पण चढ सोसत नाही. म्हणजे शहराच्या पोटातून जाणारी, सपाट, सलग, एकाच खात्याच्या मालकीची पट्टी होती, असं सायकलला दुसरं काही मिळूच शकत नाही. ती वेळ गेली. मी तेव्हा नवीन होतो, कुणी विचारलं असतं तर मी पण रस्ताच करा म्हणलं असतं. पण मराठवाड्यात अजून कुठं कुठं अशा पट्ट्या आहेत, कॅनॉलच्या कडेचे सर्व्हिस रोड आहेत, जुनी पाईपलाईन गेलेल्या जागा आहेत. त्या कुणाच्या नावावर चढायच्या आत बघितल्या पाहिजेत.

परदेशातलं लोक लगेच तोंडावर मारतात, की हॉलंडमध्ये थंड हवा आहे, त्यांना जमतं. हॉलंड काही जन्मापासून तसं नव्हतं. तिथं पण साठ-सत्तरच्या दशकात गाड्या वाढल्या, चौकात पार्किंग झालं, सायकली कमी झाल्या. १९७१ साली तेवढ्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांच्या वर माणसं मेली, त्यात चारशेच्या वर लेकरं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांच्या आंदोलनाचं नावच होतं 'लेकरांचा खून थांबवा'. त्यानंतर तिथले सायकल रस्ते झाले. हवेचा काय संबंध?

पण हवेचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता बेचाळीस डिग्रीत लातूरला चालायचं म्हणजे फुटपाथ कितीही मापात असू द्या, डोक्यावर सावली नसली तर उपयोग शून्य. हे त्या परदेशी पुस्तकांत सापडत नाही कारण त्यांना ऊन पाहिजे असतं. आमच्याकडं सावली हाच अर्धा फुटपाथ. आणि आम्ही काय करतो, रस्ता रुंद करताना पहिल्यांदा कडेचा लिंब पाडतो, चाळीस वर्षांचा, आणि त्याबदल्यात दुभाजकात कण्हेर आणि पाम लावतो. पामची सावली कुणावर पडते ओ? दुभाजकावरच. झाडं लावणारी हौशी मंडळी आमच्या शहरात भरपूर आहेत, सकाळी उठून खड्डे करतात, पाणी घालतात, त्यांना हात जोडून. पण एस्टिमेटमध्ये फुटपाथच्या कडेला दर पाच-सहा मीटरला झाडाचा चौकोन मोकळा सोडलेला पाहिजे, नाहीतर खाली नाली, वर स्लॅब, झाड लावणार कशात? इथं पण तेच नालीचं झाकण आडवं येतं.

हातगाड्यांवर सगळे तुटून पडतात. माझं मत जरा वेगळं आहे. केळीवाला, भुट्टेवाला, चहाचा गाडा हे असले की फुटपाथ जागता राहतो, रात्री नऊला क्लासवरून येणाऱ्या पोरीला भीती वाटत नाही. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे, त्यात त्यांच्यासाठी जागा ठरवून द्यायच्यात, समिती करायची, त्यात त्यांची पण माणसं घ्यायची. ते केलं की चालायची पट्टी वेगळी आणि गाड्याची पट्टी वेगळी करता येते. फुटपाथ गाड्यानं जितका अडत नाही तितका पोलनं, डीपीनं आणि लावलेल्या मोटारसायकलनं अडतो, हे मी टेप लावून सांगायलोय. पण पोल उचलायला पैसे लागतात आणि केळीवाल्याला उचलायला फक्त एक जीप लागते.

चांगलं काहीच नाही असं नाही. पुण्यात जंगली महाराज रोडवर काही वर्षांपूर्वी फुटपाथ रुंद केला, बसायला बाकडी, झाडं ठेवली, मी खास बघायला गेलो होतो, लोकं तिथं नुसती येऊन बसतात. आपल्याच छत्रपती संभाजीनगरचं नाव केंद्राच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' स्पर्धेत निवडलेल्या अकरा शहरांत आलं होतं. म्हणजे मराठवाड्यात हे होतच नाही असं कुणी म्हणू नये. आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की मोकळ्या फुटपाथवरून चालणं हा घटनेच्या कलम २१ मधला, म्हणजे जगण्याच्या हक्कातला भाग आहे, अपंग माणसाला वापरता येईल असा फुटपाथ पाहिजे, आणि राज्यांनी त्यासाठी नियम करावेत. मी त्या बातमीची प्रिंट काढून पाकिटात ठेवलीय.

ती प्रिंट, जाळीचा फोटो आणि एक अर्ज घेऊन मी एका ऑफिसात गेलो. नाव घेत नाही, मला तिथंच बिलं काढायची असतात. साहेब चांगला माणूस, ऐकून घेतलं, चहा पाजला, म्हणाला, "तुमचं बरोबर आहे, पण असा आयटमच नाही ना दरसूचीत. जाळी बदला म्हणलं तर करू शकतो, पूर्ण नवीन. पट्ट्या वेल्ड करा, हे कशात टाकू?" मी म्हणलं साहेब नवीन जाळी आली तरी अशीच येणार. तो म्हणाला, हो, ड्रॉइंग तेच आहे ना.

बाहेर आलो, आमच्या वेल्डरला फोन केला. माझ्या साईटवरच्या उरलेल्या पट्ट्या होत्या, स्क्रॅपमध्ये जाणार होत्या. संध्याकाळी समोरच्या किराणावाल्याकडून लाईटीचं कनेक्शन घेतलं, सात पट्ट्या मारल्या, पाऊण तास. वेल्डरनं साडेतीनशे रुपये मागितले, तीनशे घेतले. परवानगीचं म्हणाल तर तोंडी घेतली, नगरसेवकाच्या भावाकडून, तो म्हणाला करा की, कोण काय म्हणतंय.

भाचीला बोलवून आणलं. तिनं आधी चपलेनं दाबून बघितलं. मग सायकल हातात धरून पुढचं चाक त्यावरून नेलं, मग मागं आणलं, परत नेलं. बसली मात्र नाही. सोमवारी सकाळी ऑटोनंच गेली.

गुरुवारी रात्री जेवताना म्हणाली, "मामा, क्लासपर्यंत अजून अशा सात जाळ्या आहेत. मी ऑटोतून मोजल्या."

मी वेल्डरला परत फोन लावला. पट्ट्या संपल्यात, आता विकत घ्याव्या लागतील. आतापर्यंत सातातल्या तीन झाल्या.